हाली, कलदार आणि पॉइंट



एके काळीं जालन्याच्या बाजारांत भाव ठरला, म्हणजे व्यवहार ठरला, असें होत नसे. आणखी एक प्रश्न उरे: हाली कीं कलदार? जालना तेव्हां हैदराबाद संस्थानांत होतें, आणि त्या संस्थानाचें नाणें स्वतंत्र होतें. त्याला हाली शिक्का म्हणत. मनमाड ओलांडून मुंबईच्या वाटेला लागलें कीं ब्रिटिश अंमलांतला रुपया चाले, तो कलदार. दोहोंनाहि रुपया हेंच नांव, दोहोंचेहि आणे सोळाच. पण सात हाली मोजावे तेव्हां सहा कलदार मिळावे, असा त्यांचा ठराविक दर होता. मुंबईशीं कापसाचा व्यवहार करणाऱ्या व्यापाऱ्याला म्हणूनच नुसता शंभराचा आंकडा ऐकून भागत नसे. शंभर हालीचे कलदारांत ८५ रुपये आणि सुमारे ११ आणे होत. हें ज्यानें आधीं विचारलें नाहीं, त्याला कोणी लुबाडीत नसे. त्याचा स्वतःचा हिशेबच कच्चा राही.

१९४८ च्या सप्टेंबरांत हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें. १९५० पासून भारतीय रुपया मराठवाड्यांत चालूं लागला, आणि त्या दशकांत हालीचें चलन संपलें. त्याबरोबर तो प्रश्नहि संपला असें आपणांस वाटत होतें. परंतु घरबसल्या मोबाइलवर खरेदी करणाऱ्या कुटुंबापुढें तो आज निराळ्या वेषांत पुन्हां उभा राहिला आहे, आणि त्याविषयींच मी आज बोलणार आहें.

ऑनलाइन दुकानांत एखादी वस्तु घेऊन पैसे चुकते केले कीं पुष्कळदां पडद्यावर एक वाक्य उमटतें: आपल्या खात्यांत इतके पॉइंट जमा झाले. हे पॉइंट पुढच्या खरेदींत पैशांसारखे वापरावयाचे असतात. कोठें एका पॉइंटचा एक रुपया धरतात, कोठें तीन-चार पॉइंट मिळून एक रुपया होतो. या पॉइंटांना दिलेलीं नांवेंच पाहा. फ्लिपकार्टचें सुपरकॉइन, टाटांच्या न्यू या सेवेचें न्यूकॉइन. कॉइन म्हणजे नाणें. एकेका दुकानानें जणूं आपली टांकसाळ उघडली आहे. आणि टांकसाळ ज्याची, त्याचा शिक्का त्याच्याच हद्दींत चालावयाचा. आतां हीच वस्तु दुसऱ्या एखाद्या दुकानांत पॉइंटांवांचून, पण कमी किंमतीस मिळत असली, तर शहाण्या गृहस्थानें कोणतें दुकान पत्करावें? या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं हे पॉइंट आले कोठून, आणि दुकानदार ते देतो कां, हें थोडें समजून घेतलें पाहिजे.

गिऱ्हाइकाला खरेदीच्या प्रमाणांत कांहीं परत देण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडांतील रॉचडेल या गांवीं १८४४ सालीं विणकरांनीं व इतर कामगारांनीं मिळून एक सहकारी दुकान काढलें. माल बाजारभावानें विकावा, आणि खर्च जाऊन जें उरेल तें सभासदांना त्यांच्या खरेदीच्या प्रमाणांत वांटावें, असा त्यांनीं नियम केला. येथें दुकानाचे मालक गिऱ्हाईकच होते, आणि जें परत मिळे तें खऱ्या पैशांचें असे. पुढें अमेरिकेंत १८९६ सालीं निघालेल्या स्पेरी आणि हचिन्सन या कंपनीनें याच कल्पनेला निराळें वळण दिलें. तिचीं हिरवीं तिकिटें दुकानदार विकत घेत आणि खरेदीच्या प्रमाणांत गिऱ्हाइकांना देत. गिऱ्हाइकांनीं तीं वहींत चिकटवावींत, आणि वह्या भरल्या म्हणजे कंपनीनें ठरविलेल्या वस्तूंपैकीं एखादी न्यावी. येथें मालकी गिऱ्हाइकाची नव्हती आणि परतफेड पैशांची नव्हती. हाच मोठा फरक पडला.

तिकिटांची वही जाऊन तिच्या जागीं खातें आलें तें विमानप्रवासांत. १ मे १९८१ रोजीं आपला जालना जिल्हा अस्तित्वांत आला. त्याच दिवशीं अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीनें, प्रवास केलेल्या मैलांच्या हिशेबानें बक्षीस देणारी आपली योजना सुरू केली. आज आपल्या मोबाइलवर दिसणाऱ्या योजनांचें मूळ पुष्कळ अंशीं तेथें आहे. आपल्या देशांत २००६ सालीं आय-मिंट नांवाची एक योजना निघाली; पुढें तिचें नांव पेबॅक झालें; २०२१ सालीं ती भारतपे या कंपनीनें घेतली आणि २०२२ सालीं तिचें झिलियन असें तिसरें नांव ठेविलें. शिक्का तोच राहिला तरी टांकसाळीचा मालक असा बदलूं शकतो. जेट एअरवेज या विमान कंपनीनें १७ एप्रिल २०१९ रोजीं उड्डाणें थांबविलीं. तिच्या प्रवाशांनीं जमविलेले माइल त्याच वर्षीं निराळ्या नांवाखालीं पुढें चालूं राहिले, पण ज्या विमानांत बसण्यासाठीं पुष्कळांनीं ते जमविले होते, तीं विमानें उडेनाशीं झालीं होतीं.

आतां दुकानदाराची बाजू पाहूं. शंभर रुपयांच्या वस्तूवर पांच रुपयांची सूट दिली, तर त्याचे पांच रुपये त्याच क्षणीं जातात. पांच पॉइंट दिले, तर त्या क्षणीं कांहींच जात नाहीं. ते पांच रुपये त्याच्याजवळ राहतात आणि व्यापारांत फिरतात. गिऱ्हाईक पॉइंट वापरावयास येतें, तें त्याच्याच दुकानांत येतें, आणि येतांना सहसा पांच रुपयांहून अधिक खरेदी करून जातें. कांहीं गिऱ्हाइकें विसरतात, कांहींची मुदत टळते. तेवढें देणें आपोआप फिटतें. शिवाय कोणतें घर काय घेतें, केव्हां घेतें, याची नोंद दुकानाला मिळते ती वेगळीच. कंपन्यांच्या हिशेबांत न वापरलेले पॉइंट हें देणें म्हणून मांडावें लागतें. म्हणजे ज्याला आपण आपली मिळकत समजतों, तें वस्तुतः आपण दुकानाला दिलेलें बिनव्याजी कर्ज आहे, आणि त्याची फेड कोणत्या रूपानें व कोणत्या अटीवर करावयाची, हें ऋणकोच ठरवितो. हालीचा दर निदान सर्वांस ठाऊक होता आणि सर्वांस सारखा होता. पॉइंटचा दर व अटी बदलण्याचा अधिकार बहुतेक योजनांत दुकानानें आपल्याच हातीं ठेविलेला असतो.

मनुष्यस्वभावाचाहि यांत भाग आहे. न्यूनेस आणि ड्रेझ या दोन संशोधकांनीं अमेरिकेंतील मोटारी धुण्याच्या एका ठिकाणीं एक प्रयोग केला; तो २००६ सालीं प्रसिद्ध झाला. तेथें येणाऱ्या ३०० गिऱ्हाइकांना कार्डें वांटलीं. निम्म्या कार्डांवर आठ चौकोन होते. आठ वेळां मोटार धुऊन घेतली कीं एकदां फुकट. उरलेल्या कार्डांवर दहा चौकोन होते, पण त्यांतल्या दोहोंवर आधींच शिक्का मारून दिलेला होता. दोघांनाहि आठच वेळां यावयाचें होतें. तरी पहिल्या गटांत शेंकडा १९ लोकांनीं कार्ड पुरें केलें, आणि दुसऱ्यांत शेंकडा ३४ लोकांनीं. आधींच कांहीं जमलें आहे असें वाटलें, म्हणजे तें पुरें करण्याची ओढ लागते. "आपल्या खात्यांत ५० पॉइंट भेट" हें वाक्य कां लिहितात, तें यावरून ध्यानांत येईल.

इतकें समजल्यावर आतां प्रत्यक्ष हिशेबाकडे वळूं. समजा, अंबड तालुक्यांतील एका शेतकरी कुटुंबांतली मुलगी शिक्षणासाठीं जालन्यास जाणार आहे, आणि तिला मोबाइल घ्यावयाचा आहे. कापसाचे पैसे हातीं आले आहेत. एका ऑनलाइन दुकानांत तो मोबाइल १२,००० रुपयांस आहे, आणि त्यावर ६०० पॉइंट मिळतात. एका पॉइंटचा एक रुपया. दुसऱ्या दुकानांत तोच मोबाइल, तीच हमी, घरपोच ११,५०० रुपयांस आहे; पॉइंट मात्र नाहींत. घरांतला मुलगा म्हणतो, पहिलें दुकान स्वस्त. १२,००० मधून ६०० गेले कीं उरले ११,४००. आई म्हणते, दुसरें स्वस्त; तेथें पैसे कमी द्यावे लागतात. दोघांपैकीं बरोबर कोण?

त्याचें उत्तर अटींत आहे. पॉइंट सहा महिन्यांत वापरले पाहिजेत, आणि एका खरेदींत बिलाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक वापरतां येणार नाहींत, अशा दोन अटी आहेत असें धरूं. या तऱ्हेच्या अटी पुष्कळ ठिकाणीं असतात. मग ६०० पॉइंट संपविण्यासाठीं सहा महिन्यांत त्याच दुकानांतून ६,००० रुपयांची खरेदी केली पाहिजे. या घराची तेथली खरेदी तेवढ्या काळांत २,५०० रुपयांपलीकडे जात नाहीं. म्हणजे २५० पॉइंट कामीं येतील आणि ३५० मुदत संपतांच मावळतील. मोबाइल पडला ११,७५० रुपयांस. शिवाय त्या २,५०० रुपयांच्या वस्तु अंबडच्या बाजारांत १०० रुपयांनीं स्वस्त मिळत असतील, तर पॉइंटांचा निव्वळ लाभ १५० रुपये, आणि मोबाइलची खरी किंमत ११,८५०. आईचें म्हणणें ३५० रुपयांनीं खरें ठरलें. सहाशें पॉइंटांचे कलदार दीडशें झाले, म्हणजे चार पॉइंटांस एक रुपया. सातास सहा देणारी हाली याहून कितीतरी भारी होती.

मुलाची बाजूहि ऐकली पाहिजे. समजा, याच घराची त्या दुकानांतली नेहमींची खरेदी सहा महिन्यांत ८,००० रुपयांची आहे. ती मोबाइल घेतला नसता तरीहि तेवढीच झाली असती, आणि तेथले भाव बाहेरच्याहून चढे नाहींत. मग सर्व ६०० पॉइंट वापरले जातील, मोबाइल ११,४०० रुपयांस पडेल, आणि मुलगा १०० रुपयांनीं जिंकेल. तात्पर्य, पॉइंट खोटे नसतात आणि खरेहि नसतात. ज्या त्या घराच्या राहणीप्रमाणें त्यांचा दर ठरतो. म्हणून जाहिरातींतला दर न धरतां आपल्या घरचा दर काढावा. दोन किंमतींतला फरक किती, तो पाहावा. आणि तेवढ्या रुपयांहून अधिक पॉइंट आपण मुदतींत, नेहमींच्याच खरेदींत, खात्रीनें वापरूं कीं नाहीं, हें स्वतःला विचारावें. वरच्या उदाहरणांत फरक ५०० रुपयांचा आहे. सहाशेंपैकीं पांचशेंहून अधिक पॉइंट वापरण्याची खात्री नसेल, तर कमी किंमतीचें दुकान गांठावें. वांयां जाणारे ३५० पॉइंट वांचविण्यासाठीं आणखी ३,५०० रुपयांची खरेदी काढणें हा तर सर्वांत महाग मार्ग होय.

येथें आपल्या जिल्ह्याच्या परिस्थितीची एक गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. नोकरदाराच्या घरीं पैसा दरमहा येतो. परंतु आपल्याकडील पुष्कळ घरांत तो हंगामाला येतो. कपाशीची वेंचणी झाली, सोयाबीन मोंढ्यावर गेलें, मोसंबी उतरली, कीं हातांत रक्कम पडते, आणि तीच पुढच्या हंगामापर्यंत पुरवावी लागते. मृग निघाला कीं बियाणें पाहिजे, खत पाहिजे; शाळा उघडली कीं वह्यापुस्तकें पाहिजेत; घरांत कोणी आजारी पडलें तर औषध पाहिजे. अशा वेळीं खात्यांतले ६०० पॉइंट कृषि सेवा केंद्रांत चालत नाहींत, आणि दवाखान्यांतहि चालत नाहींत. हातांत राहिलेले ५०० रुपये सगळीकडे चालतात. जें घर पेरणीसाठीं कोणाकडून व्याजानें पैसे उचलतें, त्याच घरानें एका मोठ्या दुकानाला बिनव्याजी कर्ज देऊन ठेवावें, हें कोणत्याहि न्यायानें शहाणपणाचें नव्हे.

क्रेडिट कार्डावरच्या पॉइंटांनाहि हाच न्याय लावावा, किंबहुना अधिक कडक लावावा. कार्डाचें बिल मुदतींत पुरें भरणाऱ्यास ते पॉइंट लाभतात यांत शंका नाहीं. पण बिल थकलें, तर अनेक कार्डांवर दरमहा तीन टक्क्यांहून अधिक व्याज चढतें. १२,००० रुपये थकले आणि दर साडेतीन टक्के असला, तर एका महिन्याचें व्याज ४२० रुपये होतें, आणि त्यावर कर लागतो तो निराळा. सहाशें पॉइंटांचा आनंद दुसऱ्या महिन्याच्या आंतच संपला. आधीं व्याजाचा हिशेब मांडावा, मग बक्षिसाचा.

मात्र कमी किंमत दिसली कीं तीच खरी, असेंहि समजूं नये. तिलाहि कांहीं प्रश्न विचारावे लागतात. पोहोंचविण्याचा खर्च, हाताळणीचा आकार, असे एकेक आंकडे शेवटच्या पडद्यावर चढत जातात. म्हणून तुलना करावयाची ती अखेरच्या रकमेची करावी. बांधीव मालावर छापील कमाल किंमत असते, आणि १ जानेवारी २०१८ पासून ऑनलाइन दुकानांनाहि ती पडद्यावर दाखविणें बंधनकारक आहे. परंतु कमाल किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे. खोडलेला मोठा आंकडा आणि त्याखालीं लिहिलेला लहान आंकडा पाहून हुरळून जाण्यापूर्वीं, तीच वस्तु जालन्याच्या दुकानांत आज प्रत्यक्ष कितीला मिळते, हें विचारून घ्यावें. पुडा लहान करून किंमत कमी दाखविलेली असते. तेव्हां तेल, साबण, चहा यांची तुलना किलोच्या किंवा लिटरच्या हिशेबानें करावी. हमी कोणाची, नादुरुस्त वस्तु परत कशी पाठवावयाची, आणि दुरुस्तीची सोय जालन्यांत आहे कीं मोठ्या शहरीं जावें लागणार, हेंहि किंमतींतच धरावें. गांवांतला ओळखीचा दुकानदार हंगाम येईपर्यंत थांबतो, बिघडलेली वस्तु आपण होऊन बदलून देतो. या गोष्टींची नोंद कोणत्याहि खात्यांत होत नाहीं, परंतु त्यांना मोल आहे.

कायदाहि या बाबतींत आतां कांहीं अंशीं आपल्या पाठीशीं आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें, गिऱ्हाइकाची दिशाभूल करणाऱ्या १३ ऑनलाइन क्लृप्त्यांना मनाई करणारीं मार्गदर्शक तत्त्वें जाहीर केलीं. "आतां शेवटचे दोनच नग उरले" अशी खोटी घाई करणें, न मागितलेली वस्तु टोपलींत घालणें, खरी किंमत लपवून ती शेवटीं हळूहळू उघड करणें, हे प्रकार त्यांत येतात. फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर दूरध्वनि करतां येतो. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें एक मोठी सोय केली आहे: दुकान कोठलेंहि असो, ग्राहक जेथें राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे त्याला तक्रार नेतां येते. जालन्याच्या माणसाला त्यासाठीं मुंबई किंवा बंगळूर गांठावें लागत नाहीं. त्यासाठीं बिल जपून ठेवावें, आणि पॉइंटांच्या अटी ज्या दिवशीं वाचल्या त्या दिवशींच्या पडद्याचें चित्रहि मोबाइलमध्यें घेऊन ठेवावें. कारण त्या अटी उद्यां बदललेल्या असूं शकतात.

एखाद्यास वाटेल कीं, एवढ्या लहानशा लाभासाठीं इतका काथ्याकूट कशाला? पण ज्या घराचें वर्षाचें अंदाजपत्रक हजाराहजारानें जमवावें लागतें, तेथें प्रत्येक खरेदींत तीनशें रुपये इकडचे तिकडे होणें ही लहान गोष्ट नाहीं. वर्षांत अशा पांच-सहा खरेद्या झाल्या, तर मुलीच्या जालन्याच्या प्रवासाचा बराचसा खर्च त्यांत निघेल. एकट्यानें स्वस्ताई शोधण्यापेक्षां दहा घरांनीं मिळून ती मिळविणें अधिक सोपें असतें, हाहि अनुभव महाराष्ट्राला नवा नाहीं. १९७५ सालीं स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीनें, कुटुंबांचे गट करून घाऊक भावानें माल घेण्याची आणि तो आपसांत वांटून घेण्याची रीत चालविली. रॉचडेलच्या विणकरांप्रमाणें येथेंहि लाभ पैशांतच मिळाला. दहा बिऱ्हाडांना वर्षाचे गहूं किंवा डाळ एकदम घ्यावयाची असेल, तर जालन्याच्या मोंढ्यांतहि तसें करतां येण्यासारखें आहे.

तेव्हां पुढच्या वेळीं मोबाइलच्या पडद्यावर पॉइंटांचा आंकडा चमकला, तर लगेच बोट ठेवूं नका. कागद-पेन्सिल घ्या. एका बाजूला अखेरची किंमत लिहा. दुसऱ्या बाजूला, आपल्या घरांत मुदतींत खरोखर वापरले जातील तेवढेच पॉइंट रुपयांत मांडा. आणि मग वजाबाकी करा. घरांतल्या मुलांनाहि त्या हिशेबाला बसवा, कारण उद्यांची खरेदी तींच करणार आहेत. आपल्या आज्यापणज्यांनीं भाव ऐकल्यावर जो प्रश्न विचारला, तोच त्यांनाहि विचारावयास शिकवा: हे रुपये हाली कीं कलदार?